फोन घरी ठेवला तर स्मार्टवॉच काय काय करू शकतं?

खोक्यावर 'कॉलिंग' असं ठळक छापलेलं असतं. घरात घड्याळावरून बोलताही येतं. मग एके दिवशी फोन चार्जिंगला लावून माणूस फिरायला निघतो आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत घड्याळ मुकं झालेलं असतं. कॉल येत नाही, मेसेज येत नाही, हवामानाचा आकडा सकाळचाच राहतो. पावलं तेवढी इमानेइतबारे मोजली जातात. घड्याळ बिघडलेलं नसतं. जेवढं करायला ते बनवलंय तेवढं ते करतच असतं, पण खोक्यावरच्या त्या एका शब्दावरून आपण भलतंच काही धरून चाललेलो असतो.

स्मार्टवॉच फोनशिवाय चालतं का, या प्रश्नाला कुणी फटकन 'हो' किंवा 'नाही' म्हणालं तर त्याला आधी विचारा, फोनशिवाय म्हणजे कसं? फोन घरी चालू आहे आणि आपण तासाभरासाठी बाहेर पडलोय? फोनची बॅटरी संपून तो बंद पडलाय? की आपल्याकडे फोन मुळातच नाही? एकच घड्याळ या तीन परिस्थितींत तीन तऱ्हेने वागतं. गोंधळ होतो तो इथेच.

मनगटावर जे मोजायचं ते घड्याळच मोजतं

आधी सोपा भाग. वेळ, गजर, टायमर, पावलं, नाडीचे ठोके, झोप यांसाठी फोन लागत नाही. अगदी स्वस्तातल्या घड्याळालाही लागत नाही. घड्याळ उलटं केलं की हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त जास्त येतं आणि परत फिरणारा प्रकाश कमी होतो, दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. शेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो आणि घड्याळातली चिप त्यावरून ठोके काढते. सगळा हिशेब तिथल्या तिथे होतो. अ‍ॅपलने २०१८ च्या सिरीज ४ या घड्याळात ईसीजी आणला. त्यातही तीस सेकंद बोट बाजूच्या चकतीवर टेकवायचं, की आलेख घड्याळातच तयार होतो.

फोनचं काम नंतर सुरू होतं. आठवड्याचा आलेख बघणं, जुनी नोंद शोधणं, डॉक्टरांना दाखवायला फाइल काढणं, हे सगळं फोनवर. घड्याळ तोवर नोंदी स्वतःच्या मेमरीत साठवून ठेवतं आणि फोन जवळ आला की त्याच्याकडे सोपवतं. किती दिवसांच्या नोंदी मावतात ते मॉडेलवर अवलंबून असतं. स्वस्त घड्याळात ही जागा फार नसते, तेव्हा लांबच्या ट्रेकला जाताना हे आधी बघून ठेवलेलं बरं.

दोन गोष्टी लोकांच्या सहसा लक्षात येत नाहीत. घड्याळ मशीनवर टेकवून पैसे देण्याची सोय असेल, तर कार्ड फोनवरून एकदा जोडलं की पुढे पैसे देताना फोन जवळ असावा लागत नाही, घड्याळाला त्या क्षणी इंटरनेटही लागत नाही. कार्डाच्या नंबराऐवजी एक बदली नंबर घड्याळातल्या सुरक्षित चिपमध्ये ठेवलेला असतो, मशीन तो वाचतं. दुसरी गोष्ट म्हणजे गाणी. ती आधी घड्याळात उतरवून घेतली आणि ब्लूटूथ इअरफोन थेट घड्याळाला जोडले, की फोन घरी राहू दे.

ब्लूटूथ कॉलिंग: बोलतं घड्याळ, कॉल मात्र फोनचा

आता त्या खोक्यावरच्या शब्दाकडे येऊ. घरातल्या लँडलाइनचा कॉर्डलेस फोन आठवतो? हँडसेट हातात घेऊन स्वयंपाकघरात जा, गॅलरीत जा, मजेत बोला. लाइन मात्र भिंतीजवळच्या डबीतच असायची. हँडसेट घेऊन चौकात गेलं की हातात उरायचं ते प्लास्टिक. ब्लूटूथ कॉलिंगचं घड्याळ म्हणजे असा हँडसेट. त्यात माइक आहे, स्पीकर आहे, नंबर फिरवायला पडदा आहे. पण सिम फोनमध्ये, कॉल लावतो तोही फोन आणि टॉवरशी बोलतो तोही फोनच.

ब्लूटूथची पोच घरात साधारण दहा मीटर धरावी. मोकळ्या मैदानात ती वाढते, मध्ये जाड भिंत आली की घटते. नोटिफिकेशनचं तसंच. मेसेज घड्याळाला आलेला नसतो, फोनला आलेल्या मेसेजची प्रत घड्याळ दाखवत असतं.

बाजारात 'कॉलिंग स्मार्टवॉच' म्हणून जी घड्याळं विकली जातात त्यांतली बरीचशी याच प्रकारची असतात. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, बारीक अक्षरांत 'बीटी', म्हणजे ब्लूटूथ, लिहिलेलं असतंच. पण ते बारीकच का लिहायचं, असं विचारावंसं मात्र वाटतं.

मधली एक पायरी वायफायची आहे. काही महागड्या घड्याळांत वायफाय असतं. फोन घरी चालू आहे आणि तुम्ही ओळखीचं वायफाय असलेल्या दुसऱ्या जागी आहात, तर घड्याळ इंटरनेटवरून त्या फोनशी गाठ घालतं आणि नोटिफिकेशन येत राहतात. मात्र हॉटेलात किंवा विमानतळावर आधी एक पान उघडून त्यात नंबर भरायला लावणारं वायफाय असतं, तिथे अ‍ॅपलच्या घड्याळाचा पाय अडतो. ते पान दाखवायची सोयच त्यात नाही.

टॉवरशी थेट बोलणारं घड्याळ

घराबाहेर, कुठल्याही वायफायशिवाय कॉल यायला हवा असेल तर घड्याळात मोबाइल नेटवर्कचा स्वतःचा रेडिओ असावा लागतो. खोक्यावर 'एलटीई', '४जी' किंवा 'सेल्युलर' यांपैकी काहीतरी लिहिलेलं हवं.

ही कल्पना आजची नाही. सॅमसंगने १९९९ मध्येच मनगटावर बांधायचा फोन काढला होता. २०१४ च्या गिअर एस या त्यांच्याच घड्याळात नॅनो सिम घालायची जागा होती. पण एवढ्याशा घड्याळात सिमचा खाचा म्हणजे जागेची चैन, शिवाय पाणी शिरायला वाट. मग ई-सिम आलं. म्हणजे कार्ड घालायचं नाही, घड्याळात आधीच बसवलेल्या चिपमध्ये कंपनीने तुमचं कनेक्शन दुरून भरायचं. २०१६ मध्ये गिअर एस२ च्या ३जी मॉडेलमध्ये ते होतं, आणि २०१७ मध्ये अ‍ॅपलच्या सिरीज ३ मधून ते अनेकांच्या मनगटावर पोचलं.

ई-सिमच्या घड्याळाचा नंबर सहसा वेगळा नसतो. मोबाइल कंपनी फोनचाच नंबर घड्याळालाही जोडून देते, कॉल आला की दोन्ही वाजतात, जे उचलाल त्यावर बोलता. त्यासाठी घड्याळाचं कनेक्शन फोनच्याच कंपनीचं असावं लागतं, त्या कंपनीने ही सेवा देऊ केलेली असावी लागते, आणि अनेकदा तिचे वेगळे पैसे पडतात. तुमच्या कंपनीकडे ही सेवा नसेल तर घड्याळातला तो महागडा रेडिओ नुसता पडून राहणार. परदेशात गेल्यावर फोनचं रोमिंग चालतं म्हणून घड्याळाचंही चालेल, हेही गृहीत धरू नका. घड्याळ घ्यायच्या आधी मोबाइल कंपनीला विचारायचं ते यासाठी. आणि आपला प्लॅन कोणता तेही सांगून विचारायचं, कारण सेवा असते पण तुमच्या प्लॅनवर नसते, असंही होतं.

घड्याळ आत्ता कशावर चाललंय हे पडद्यावर दिसतं. अ‍ॅपलच्या घड्याळात कंट्रोल सेंटर उघडलं की हिरव्या फोनचं चिन्ह असेल तर ते फोनला जोडलेलं आहे. फोन सुटला आणि दुसरी कुठलीच जोडणी नसली की लाल चिन्ह येतं. मोबाइल नेटवर्क पकडलेलं असेल तर हिरवे ठिपके दिसतात. आठवडाभर येता-जाता तेवढं बघितलं तरी आपल्या घड्याळाचा स्वभाव कळतो.

जीपीएसला इंटरनेट लागतं का?

नाही लागत. हा गैरसमज मात्र फार पसरलेला आहे, म्हणून थोडं थांबू.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश सोडत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कुठे आहोत ते घड्याळ गणिताने काढतं. ते फक्त ऐकतं, उपग्रहाला काही पाठवत नाही. ना सिम, ना रिचार्ज.

मग फोन जवळ असला की जागा लवकर का सापडते? उपग्रह नेमका कुठे आहे याची माहिती त्याच्याच संदेशात असते, पण ती सेकंदाला ५० बिट अशा मुंगीच्या चालीने येते. एका उपग्रहाची स्वतःची कक्षा कळायलाच तीस सेकंद लागतात, आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं. हीच माहिती फोन इंटरनेटवरून चुटकीसरशी आणतो आणि घड्याळाला आधीच देऊन ठेवतो. कित्येक दिवस फोनशी गाठ न पडलेलं घड्याळ मैदानात उभं करा, 'शोधत आहे' हे शब्द जरा जास्त वेळ दिसतील. पण सापडतं नक्की.

खोक्यावर 'कनेक्टेड जीपीएस' असेल तर गोष्ट वेगळी. त्या घड्याळात जीपीएसच नसतं, ते फोनचं उसनं घेतं. फोन घरी राहिला तर पळालेलं अंतर ते पावलांवरून अंदाजाने सांगतं आणि रस्त्याचा नकाशा काही मिळत नाही. अ‍ॅपलच्या २०१५ च्या पहिल्या घड्याळातही जीपीएस नव्हतं, ते २०१६ च्या सिरीज २ पासून आलं. आणि ज्या घड्याळात जीपीएस आहे त्यातही नकाशाची चित्रं आधी उतरवून घेतलेली असावी लागतात, एरवी कोऱ्या पडद्यावर एक ठिपका सरकताना दिसतो.

घरी चालू असलेला फोन आणि बंद पडलेला फोन

सिमवालं घड्याळ घेतलं, कनेक्शनही चालू झालं. आता तरी फोनची गरज संपली ना? इथे भले भले चकतात.

अ‍ॅपलच्या बाबतीत बघा. सिमवालं घड्याळ घेऊन तुम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला असाल तरी साधे एसएमएस आणि इतर कंपन्यांच्या अ‍ॅपची नोटिफिकेशन घड्याळावर यायला घरचा आयफोन चालू आणि नेटवर्कवर असावा लागतो. तो जवळ नको, पण जागा हवा. एसएमएस आधी फोनवर उतरतो आणि तिथून इंटरनेटने घड्याळाकडे पाठवला जातो. कॉल मात्र घड्याळ स्वतः घेऊ शकतं. म्हणजे फोन घरी विसरलात तर फारसं बिघडत नाही. तोच फोन बॅटरी संपून घरी बंद पडला, तर घड्याळावर कॉल येईल आणि बँकेचा ओटीपी येणार नाही. पैसे भरायच्या रांगेत उभं असताना हे कळलं तर घड्याळाची हजार वैशिष्ट्यं काही कामाची नाहीत.

अ‍ॅपवर तर आणखी अवलंबून असतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ मध्ये गूगलच्या वेअर ओएस या प्रणालीवर चालणाऱ्या घड्याळांसाठी वेगळं अ‍ॅप आणलं. त्यात घड्याळ हे जोडलेलं स्वतंत्र उपकरण मानलं जातं, त्यामुळे घड्याळाला नेटवर्क असेल तर फोन बंद असतानाही मेसेज जातात-येतात. पण खातं फोनवरचंच असतं. मुख्य फोनवर चौदा दिवसांपेक्षा जास्त काळ व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर काढली जातात.

फोन मुळातच नसेल तर?

बहुतेक नामांकित घड्याळं या प्रश्नावर अडखळतात. ती अडखळतात तांत्रिक कारणाने कमी आणि कंपनीच्या धोरणाने जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

घड्याळ पहिल्यांदा सुरू करताना खात्याचं नाव, पासवर्ड, कार्ड, संपर्क हे सगळं भरावं लागतं. एवढ्याशा पडद्यावर ते जिकिरीचं आहे, तेव्हा फोनची मदत घेण्यात गैर काही नाही. पण अशक्य म्हणाल तर तसंही नाही. सॅमसंगच्या टायझेन या प्रणालीवर चालणाऱ्या काही जुन्या घड्याळांत 'फोनशिवाय वापरा' असा पर्याय असायचा. २०१७ मध्ये अँड्रॉइड वेअर २.० (वेअर ओएसचं आधीचं नाव) पासून आणि २०१९ मध्ये वॉचओएस ६ या अ‍ॅपलच्या घड्याळाच्या प्रणालीपासून अ‍ॅपचं दुकानही थेट घड्याळावर आलं. एकीकडे घड्याळ असं मोकळं होत गेलं, दुसरीकडे कुंपण घट्ट झालं. अ‍ॅपलचं घड्याळ सुरू करायला आयफोनच लागतो, अँड्रॉइड चालत नाही. सॅमसंगची आधीची घड्याळं आयफोनला जोडता यायची, २०२१ च्या गॅलक्सी वॉच ४ पासून तेही बंद झालं.

अ‍ॅपलने २०२० मध्ये एक फट ठेवली. मुलांना किंवा आईवडिलांना स्वतःचा आयफोन नसला तरी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या आयफोनवरून त्यांचं घड्याळ सुरू करून देता येतं. सिरीज ४ किंवा त्यापुढचं, किंवा एसई हे त्यांचं स्वस्तातलं घड्याळ, आणि सिमवालं मॉडेल लागतं. घड्याळाला स्वतःचा नंबर मिळतो. ईसीजीसारख्या काही सोयी मात्र त्यात बंद असतात.

खरोखर फोनशिवाय जगणारी दोन जातींची घड्याळं आहेत आणि दोन्हींना लोक स्मार्टवॉचमध्ये धरत नाहीत. एक म्हणजे पळणाऱ्यांची आणि डोंगर चढणाऱ्यांची जीपीएस घड्याळं. त्यांतली बरीचशी फोन न जोडता चालतात आणि नोंदी केबलने संगणकावर उतरवता येतात. कॉल वगैरेचा आव ती आणतच नाहीत. दुसरी म्हणजे लहान मुलांची सिमवाली घड्याळं. नंबर वेगळा, दोन-चार ठरलेल्या लोकांनाच कॉल, आणि मूल कुठे आहे ते पालकांच्या फोनवर. पण यात डोळे उघडे ठेवायला हवेत. मुलाच्या नकळत आजूबाजूचं ऐकता येईल अशी सोय असलेल्या घड्याळांच्या विक्रीवर जर्मनीच्या नियामकाने २०१७ मध्ये बंदी घातली होती.

एवढं सगळं जमतं, मग बॅटरी का पुरत नाही?

घड्याळाची बॅटरी साधारण तीनशे मिलिअँपिअर-तासांची, तर आजच्या फोनची चार-पाच हजारांची. दहा मीटरवरच्या फोनशी कुजबुजायला फारशी वीज लागत नाही. किलोमीटरभर लांबच्या टॉवरपर्यंत आवाज पोचवायला मात्र जोर लावावा लागतो. त्यात अँटेना नखाएवढी, आणि ती चिकटलीय मनगटाला. शरीरात पाणी भरपूर, ते रेडिओ लहरी गिळतं. अ‍ॅपलने सिरीज ३ साठी दिलेले आकडे बोलके आहेत: फोनमार्फत बोललात तर तीन तास, थेट नेटवर्कवर बोललात तर एक तास. नंतरची घड्याळं यात सुधारली, पण भौतिकशास्त्र तेच आहे. म्हणून सिमवालं घड्याळसुद्धा आधी ब्लूटूथ शोधतं, मग वायफाय, आणि अगदीच काही नसेल तर टॉवर.

ऐकणं स्वस्त आणि बोलणं महाग, हा हिशेब मायक्रोसॉफ्टने २००४ मध्येच ओळखला होता. त्यांच्या 'स्पॉट' घड्याळांवर बातम्या आणि हवामान एफएम रेडिओच्या लहरींवरून यायचं. फोन लागत नव्हता, पण घड्याळाला उलट एक अक्षरही पाठवता येत नसे. ती सेवा २०१२ च्या सुरुवातीला बंद पडली.

आता घड्याळासारख्या छोट्या उपकरणांसाठी कमी वीज खाणारं 'रेडकॅप' नावाचं ५जी आलंय. २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल वॉच ४ आणि अ‍ॅपल वॉच अल्ट्रा ३ यांत संकटकाळी थेट उपग्रहामार्फत मदत मागायची सोयही आली, तीही फोन जवळ नसताना. एकट्याने रानावनात फिरणाऱ्यांसाठी हे फार मोठं आहे. मात्र ती सेवा तुमच्या भागात दिली जाते का, हे निघायच्या आधी बघायचं.

मग सिमवाल्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

पळताना, पोहताना फोन नको वाटतो, किंवा घरात पडण्याची भीती असलेलं वयस्कर माणूस आहे, तर जरूर मोजावेत. फोन एरवीही खिशातच असणार असेल तर ब्लूटूथवालं पुरेसं आहे, महिन्याचा जास्तीचा आकार कशाला? फोन कायमचा सोडून देता येईल या आशेवर घेणार असाल तर थांबा. कॅमेरा नाही, बँकेची बहुतेक अ‍ॅप नाहीत, आणि दिवसभर नेटवर्कवर बोलत राहिलात तर संध्याकाळच्या आतच चार्जर शोधावा लागेल.

घेतल्यावर ते एकदा तपासून बघा, आणि गरज पडायच्या आधी बघा. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं बटण दाबून काही कळणार नाही, कारण त्याने बाकीची उपकरणं सुटतात आणि घड्याळ जोडलेलंच राहतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ब्लूटूथ बंद करा, घड्याळाचं वायफायही बंद करा, आणि कुणाला तरी कॉल व मेसेज करायला सांगा. मग फोन पूर्ण बंद करून तेच पुन्हा करा. दुसऱ्या वेळी जे येणार नाही ते लिहून ठेवा, आणि घरातल्या वयस्कर माणसासाठी घड्याळ घेतलं असेल तर ती यादी त्यांनाही वाचून दाखवा.